कोशाची साडी, पवनीचा कोट आणि रात्रभराचं नाटक: वाचकांचे प्रश्न

धानाची चुरणी उरकत आली आणि कापसाचा वेचा घरात येऊन पडला, की आमच्याकडे फिरस्तीच्या प्रश्नांची पत्रं वाढतात. यंदाच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. हाताशी दिवस एक किंवा दोन, आणि यादीत रामटेक, भंडारा, पवनी, चंद्रपूर, मार्कंडा सगळंच. त्या याद्या आम्ही सरळ कापल्या आहेत. गाडीच्या खिडकीतून पाचही गावं दिसतील, पण मागावर धोटा (आडवा धागा वाहून नेणारी नळी) कसा फिरतो ते पाहायला तासभर एका जागी बसावंच लागतं.

प्रश्न: भाचीच्या लग्नासाठी करवती काठाची कोशाची साडी थेट विणकराकडून घ्यायची आहे. मागे एका दुकानातून 'अस्सल' म्हणून घेतली होती. जावेनं काठ उलटून पाहिला आणि हसली, बोलली काहीच नाही. ती का हसली, आणि या वेळी दोन दिवसांत कुठं जाऊन काय पाहावं?
— एक वाचक, दारव्हा

ताई, जावेनं काठ उलटा केला म्हणजे तिला नेमकं कुठं पाहायचं ते ठाऊक होतं.

करवती साडीत अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आणि काठाचा बाणा वेगळे असतात. मागावर एकाच वेळी तीन धोटे चालतात: डाव्या काठाचा एक, अंगाचा एक, उजव्या काठाचा एक. अंगाचा धागा काठापाशी येतो, काठाच्या धाग्याला अडकतो आणि तिथूनच परत फिरतो. काठाचा धागाही तसाच त्याला अडकून माघारी जातो. ही अडकवण्याची जागा काही ओळी पुढं, काही ओळी मागं सरकवत नेली की करवतीचे दाते उमटतात. म्हणून खऱ्या साडीत तीन गोष्टी दिसतात. दाते सुलट्या आणि उलट्या बाजूनं सारखेच. उलट्या बाजूला सुटे, लोंबते किंवा कातरलेले धागे नाहीत. आणि काठाचा रंग भरीव, कारण काठात उभा-आडवा दोन्ही धागा काठाचाच असतो.

यंत्रमागाच्या नकलेत एकच धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. त्यामुळे लाल काठात अंगाचा बदामी धागा मिसळतो आणि लाल रंग मळकट दिसतो. दाते वरून नक्षीसारखे उठवलेले असतात, त्यांचे धागे मागं मोकळे राहतात किंवा कातरून टाकलेले असतात. जाऊबाईंना ते कातरलेले धागेच दिसले असणार. आणखी एक खूण बोटाला कळते. सांध्यावरून अंगठा फिरवला तर खऱ्या करवतीत बारीक उंचवटा लागतो, कारण तिथं दोन धागे एकमेकांत गुंतलेले असतात.

आता धागा. आपल्याकडे ज्याला कोसा म्हणतात तेच टसर रेशीम. येन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीच्या कोशातून तो निघतो. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ढिवर समाजाच्या कित्येक कुटुंबांचं हे पिढीजात काम आहे. पूर्वी बाया उकडलेले कोसे घेऊन मांडीवर धागा वळून काढत. आता बऱ्याच ठिकाणी त्या कामाला यंत्रं आली आहेत. हा धागा कुठं जाड, कुठं बारीक असतो, म्हणून कापडावर आडव्या गाठी-रेघा दिसतात. दुकानात त्यालाच 'खराबी' म्हणून नाक मुरडणारी गिऱ्हाइकं असतात आणि गुळगुळीत पॉलिस्टर घेऊन जातात. काय म्हणावं!

विचारताना 'प्युअर आहे का' असं विचारू नका, त्याला उत्तर एकच मिळतं. 'ताणा (उभा धागा) कशाचा, बाणा कशाचा?' असं विचारा. ताण्याला मलबरी रेशीम आणि बाण्याला टसर, किंवा एका अंगाला सूत, असे प्रकार सर्रास विणले जातात. त्यात फसवणूक नाही, पण किंमत वेगळी हवी आणि आधी सांगितलेलं हवं. खात्री करायची तर पदराच्या झालरीतला एक उभा धागा मागून घ्या आणि आडवा धागा कापडाच्या कापल्या कडेतून काढून मागा. दोन्ही वेगवेगळे जाळा. एकच जाळून पाहणारा हमखास अर्धा फसतो. रेशीम हळूहळू जळतं, ज्योत काढली की विझतं, जळक्या केसांचा वास येतो आणि मागं काळी राख राहते. ती चिमटीत भुगा होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. कागद जळल्याचा वास आला तर ते सूत किंवा व्हिस्कोस.

'करवत काटी' या नावाला भौगोलिक निर्देशन (जीआय) मिळालेलं आहे. ते नावाला आहे, समोरच्या प्रत्येक साडीला नाही. साडीपुरती खात्री सिल्क मार्क आणि हातमाग चिन्ह या क्रमांक असलेल्या लेबलांनी होते. विणकराच्या घरी लेबल नसेल तर बिचकू नका, मागावर बसलेलं कापड समोर असतं.

आता प्रवास. पहिल्या दिवशी सकाळी भंडारा गाठा. तिथून तुमसरच्या रस्त्यावर मोहाडी, आणि मोहाडीहून आत आंधळगाव. या भागात माग आहेत. आधी फोन करून, ओळख काढून जा. सकाळी दहा ते एक ही वेळ बरी. दुपारी जेवण आणि विसावा असतो, आणि उजेड उतरला की रंग नीट कळत नाहीत. खड्डा मागावर विणकर जमिनीच्या पातळीला बसतो, पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर. त्यामुळे उभं राहून वरून पाहण्यात मजा नाही, शेजारी खाली बसा. विणलेल्या कापडाच्या दोन्ही कडांना बारीक भोकं दिसतील. कापड रुंदीत ताणून धरणाऱ्या काठीच्या टोकाला खिळे असतात, त्यांचे ते डाग. हातमागाची ती एक साधी खूण. भर पावसाळ्यात जाऊ नका, खड्ड्यात ओल चढते आणि कित्येक माग बंद असतात.

काठाचा रंग आपल्या मनासारखा हवा असेल तर हे समजून घ्या. काठाचा उभा धागा ताणा करतानाच ठरतो आणि एका ताण्यावर बऱ्याच साड्या निघतात. तुमच्या एकीसाठी विणकर नवा ताणा लावणार नाही, लावला तर खर्च तुमच्यावर. चालू ताण्यावर अंगाचा किंवा पदराचा बाणा बदलून घेता येतो, तो हट्ट करा. मुहूर्ताच्या किमान दोन महिने आधी सांगा. तीन धोटे हातानं सरकवत विणायचं म्हणजे साडी चार तासांत उतरत नसते. पाच-सातशे रुपयांत कुणी हातमागाची कोशाची साडी देत असेल, तर काडेपेटी बाहेर काढा.

घेताना टेप लावा: साडीला साडेपाच मीटर, ब्लाउजपीस धरून सव्वासहाच्या आसपास. नऊवारी हवी असेल तर सव्वाआठ मीटर, आणि ती आधी सांगितल्याशिवाय तयार मिळेलच असं नाही. पांढरं फडकं ओलं करून गडद काठावर चोळा. रंग लागला तर साडी घरी धुवायची नाही, ड्रायक्लीनलाच द्यायची. ठेवताना सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की त्या रेघेवरच फाटते.

दुसऱ्या दिवशी भंडारा शहर, नाहीतर खालची पवनी. एकच निवडा, दोन्ही नको.

प्रश्न: आजीची जुनी कोशाची साडी आहे, पदर विरला आहे. तिचा कुर्ता किंवा जाकीट शिवायचं आहे. इथला टेलर म्हणतो, टसर शिवणीवर फाटतं. खरं आहे का? नवीन कापड घेतलं तर किती घ्यावं?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, गोंडपिपरी

टेलरदादा अर्धं खरं बोलले. टसर फाटत नाही, सरकतं. धागा चपटा आणि गुळगुळीत, वीण थोडी सैल. अंगाला घट्ट कपडा शिवला की बगलेत आणि पाठीवर ताण येतो, टाका जागेवर राहतो आणि कापडाचे धागे टाक्यापासून बाजूला सरकतात. तिथं जाळी दिसायला लागते. उपाय शिवणीतच आहेत. मापापेक्षा छातीला किमान ४ इंच सैल ठेवा. शिवणीत जागा पाऊण इंच सोडायला सांगा, नेहमीची पाव-अर्धा इंच पुरत नाही. अस्तर मलमलचं लावा आणि बगलेची शिवण अस्तरासकट घाला म्हणजे ताण अस्तरावर जातो. सुई ११ नंबरची. जाड सुईनं धागा तुटतो आणि मग टेलर कापडाला नावं ठेवतो.

नवीन कापड साधारण ४४ इंच पन्ह्याचं येतं. गुडघ्यापर्यंतच्या, पूर्ण बाह्यांच्या कुर्त्याला अडीच मीटर घ्या. कापण्याआधी वीस मिनिटं गार पाण्यात बुडवा, पिळू नका, सावलीत वाळवा आणि दमट असतानाच उलट्या बाजूनं इस्त्री करा. आकसायचं ते आधीच आकसू द्या, शिवून झाल्यावर आकसलं तर बाह्या मनगटाच्या वर जातात.

आजीच्या साडीचं मात्र जपून करा. आधी ती उन्हाकडे धरून पाहा. जिथं उजेड जास्त येतो तिथं धागा विरलेला आहे, तो भाग सोडा. काठ कापायचा असेल तर करवतीच्या दात्यांवर कात्री कधीच लावू नका. अंगाचा आणि काठाचा धागा तिथं फक्त एकमेकांत अडकलेला असतो, सांधा कापला की दोन्हीकडून उसवतो. दात्यांच्या आत अंगाच्या बाजूला दोन बोटं सोडून कापा आणि तो पट्टा आत दुमडा. जाकिटाच्या पुढच्या दोन्ही पल्ल्यांना उभा काठ आला की छान दिसतो. विरलेल्या पदराचा गळ्याला किंवा कमरेला उपयोग करू नका, खिशाच्या झडपेला करा.

प्रश्न: आठवी-नववीच्या ४० मुलांना एका दिवसात पवनी दाखवायची आहे. 'विदर्भाची काशी' म्हणून देवळं तर दाखवूच, पण इतिहास काय दाखवायचा? मागच्या वेळी मुलं टेकडीवर कंटाळली.
— शिक्षक, आरमोरी

सर, टेकडीवर मुलं कंटाळणारच. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं. त्यात बौद्ध स्तूप, दान देणाऱ्यांची नावं असलेले ब्राह्मी लिपीतले लेख, बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचा नावासकट कोरलेला स्तंभ असं बरंच सापडलं. पण सापडलेलं सगळं जागेवर राहत नाही. समोर झाडं आणि माती, आणि सर सांगतायत इथं स्तूप होता. तेरा वर्षांच्या मुलानं मानायचं तरी कसं?

म्हणून उलट्या क्रमानं चला. सुरुवात कोटापासून, म्हणजे गावाभोवतीच्या तटापासून करा, कारण तो डोळ्यांना दिसतो. पवनीच्या एका अंगाला वैनगंगा आहे, बाकीच्या बाजूंना तट आणि खंदक. जवाहर दरवाजापाशी मुलांचे पाच गट करा, आठ-आठचे. एका गटानं तटाची उंची बांबू धरून मापायची, दुसऱ्यानं खंदकाची रुंदी पावलांनी, तिसऱ्यानं दरवाजातली वळणं कागदावर काढायची. दोन गटांनी तटात कुठं माती, कुठं दगड, कुठं वीट दिसते ते टिपायचं. मातीचा तट आधीचा आणि त्यावर दगडी काम नंतरचं, हे सांगायला लागत नाही, मुलं स्वतःच विचारतात. अर्ध्या तासाचं काम, पण त्यानंतर 'नदी असताना खंदक तीनच बाजूंना का?' हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. मग टेकडीवर न्या. तिथं शाळेतून आणलेले स्तूपाचे आणि ब्राह्मी अक्षरांचे मोठे छापील कागद हातात द्या आणि प्रत्येकाला आपलं नाव ब्राह्मीत लिहायला लावा. दोन हजार वर्षांपूर्वी इथं दान देणाऱ्यानंही आपलं नावच कोरलं होतं, हे तेव्हा पटतं.

वेळेचं गणित असं: आरमोरीहून ब्रह्मपुरीवरून सकाळी सातला निघा, कोट साडेनऊला, टेकडी अकराला, जेवण, आणि देवळं व घाट दुपारी तीननंतर. घाटावर मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. नदीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्द धरण आहे, विसर्ग वाढला की पाणी चढतं. कोटाजवळ वीट किंवा खापराचा तुकडा सापडला तर फोटो काढा, माप घ्या आणि तिथंच ठेवा. शाळेच्या कपाटात गेलेलं खापर कुठल्या थरातलं होतं हे पुढं कुणालाच सांगता येत नाही, मग ते नुसतं खापर उरतं.

प्रश्न: नागपुरात गाडी बदलायला सहा तास मिळतात. मॉलमध्ये जायचं नाही. सामान दोन पिशव्या. काय पाहून होईल?
— एक वाचक, मूर्तिजापूर

सोमवार असेल तर अजब बंगला हे संग्रहालय बंद, तेवढं आधी पाहा. बाकी दिवशी पिशव्या स्टेशनच्या सामानघरात टाका. त्यासाठी पिशवीला कुलूप लागतं, ते घरूनच आणा. स्टेशनपासून शून्य मैलाचा खांब पायी जाण्यासारखा आहे. चार घोडे आणि दगडी खांब पाहून लोक फोटो काढतात आणि निघतात. शेजारचा १९०७ चा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा दगड मात्र वाचा, समुद्रसपाटीपासूनची उंची त्यावर कोरली आहे.

तिथून जवळच अजब बंगला, म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय. दीड तास द्या. पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी गर्दी असते, ती तशीच राहू द्या आणि शिल्पं, लेख व आदिवासी दालनाकडे वळा. अर्धा तास शिल्पांना, अर्धा दागिने आणि वाद्यांना. भूक लागली तर बाहेर तर्री पोहे, पण पांढरा शर्ट असेल तर तर्री वेगळी मागा.

मग दोनपैकी एक निवडा. ऑटोनं दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथं धम्मदीक्षा घेतली आणि दिली, ती जागा. सांचीच्या धर्तीचा स्तूप बाहेरून सगळे पाहतात. आत जा, घुमट आतून पोकळ आहे आणि शांत बसून तो पाहता येतो. दसऱ्याच्या आसपास सहा तासांच्या हिशेबात हे बसणार नाही, तेव्हा लाखोंची गर्दी असते.

किंवा सीताबर्डीहून मेट्रोनं चितार ओळी. हे नाव मेट्रोच्या स्टेशनालाही आहे. मूर्तिकारांची जुनी गल्ली. आषाढ-श्रावणात गेलात तर गणपती एका ओळीत कच्चे उभे दिसतात: आधी गवत-काड्यांचा सांगाडा, मग माती, मग भेगा बुजवणं, आणि डोळे सगळ्यात शेवटी. उन्हाळ्यात इथं फारसं काही नाही. पोळ्याचा दुसरा दिवस साधला तर महाल-इतवारीत काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत. पण त्या दिवशी रस्ते बंद असतात, पुढची गाडी पकडायची असेल तर त्या भागात शिरूच नका.

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे, गुडघ्यांचा त्रास. त्यांना चंद्रपूर एकदा नीट पाहायचं आहे. एका दिवसात चालणं कमी ठेवून होईल का?
— एक वाचक, वणी

होईल, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तरणा माणूसही दहाच्या पुढं सावली शोधतो. गोंडकालीन परकोटाला चार दरवाजे आहेत: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. चारही चढायचा हट्ट नको. जटपुरा दरवाजातून वाहतूक जाते, ऑटो तिथं थांबवता येत नाही, म्हणून पठाणपुऱ्याला थांबा. वडिलांना ऑटोतच बसवून दरवाजाच्या दगडाकडे बोट दाखवा: हत्तीवर पाय दिलेला सिंह, गोंड राजांचं चिन्ह. हे एकदा ओळखता आलं की शहरभर दिसत राहतं.

नंतर अंचलेश्वर मंदिर आणि लगतच्या गोंड राजांच्या समाध्या. बीरशहाची समाधी राणी हिराईनं बांधवली, ती सगळ्यांत देखणी. इथं सपाट चालणं आहे, बसायला कट्टे आहेत. महाकाली जवळच, मात्र चैत्रातल्या यात्रेत वडिलांना नेऊ नका. शेवटी लालपेठ. उघड्यावर पडलेल्या प्रचंड एकसंध दगडी मूर्ती, अर्धवट घडवलेल्या. एका व्यापाऱ्यानं देऊळ बांधायला घेतलं आणि तो वारला, असं सांगतात. दहा तोंडांच्या आडव्या मूर्तीला लोक सर्रास रावण म्हणतात, ती दुर्गा आहे. छिन्नीचे घाव तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात, म्हणून ही जागा चारनंतर.

प्रश्न: भंडाऱ्याला गेलो तर पितळी भांडं घ्यावं म्हणते. काय पाहावं?
— गृहिणी, देवरी

चुंबक न्या. चिकटलं तर आत लोखंड आहे. भांड्यावर टिचकी मारा, स्वच्छ नाद टिकला पाहिजे. थबकला तर कुठंतरी चीर किंवा जोड आहे. स्वयंपाकाला घेत असाल तर कल्हई करूनच घ्या. कल्हईशिवाय पितळेत चिंच, ताक, टमाटं घातलं की हिरवट चढतं आणि ते पोटात जाऊ नये. पाणी भरायला गुंड घेताना बुडाचा जोड आतून हात घालून तपासा.

प्रश्न: आम्ही पश्चिमेकडचे. झाडीपट्टीचं नाटक नुसतं ऐकून आहोत. घरची चौघं येऊन एक रात्र पाहू म्हणतो. तिकीट कुठं मिळतं, ऑनलाइन सापडत नाही.
— एक वाचक, चिखली

दादा, ऑनलाइन शोधत बसलात तर होळी येईल. झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातला जंगलपट्टा, आणि इथल्या नाटकांचं गणित वेगळं आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाट्यमंडळांचं ठाणं. गावची मंडळी तिथं जाऊन नाटक ठरवतात आणि तिकीट गावातच विकतात. हंगाम भाऊबीजेनंतर मंडईबरोबर, म्हणजे गावच्या जत्रेबरोबर, सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत चालतो. मंडई किंवा शंकरपट (बैलांच्या शर्यती) असेल त्या गावात त्या रात्री नाटक असणारच, कधी एकाच गावात दोन-तीन मंडप. म्हणून तारीख आधी ठरवून येण्यापेक्षा वडसा, ब्रह्मपुरी, आरमोरी, लाखांदूर या टापूतल्या एखाद्या ओळखीच्याला फोन लावून 'शनिवारी कुठं आहे?' असं विचारा. ओळख नसेल तर वडसा बसस्थानकाच्या भिंतीवरची पोस्टरं वाचा. त्यावर नाटकाचं नाव मोठं, गावाचं नाव बारीक असतं. तुम्हाला बारीक अक्षरच कामाचं.

रेल्वेनं यायचं तर गोंदिया–बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन आहे. मुक्काम वडशात ठेवा, दुपारी झोपून घ्या. पोस्टरवर नऊ-दहा लिहिलेलं असतं, पडदा अकराच्या आसपास उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. मध्ये गाणी, लावणी, विनोदी पात्राची स्वारी, वन्समोर. शहरी नाटकाच्या हिशेबानं 'कथानक रेंगाळतं' असं वाटेल. ते रेंगाळत नाही, ते रात्र पुरवत असतं. पेटी आणि तबला मंचासमोरच असतो, तिकडे लक्ष ठेवा. नट गाण्यावर येणार हे तबलजीला आधी कळतं. हीच रंगभूमी गाजवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठं बाहेरच्यांना हे नाव ऐकू आलं.

खुर्चीचं तिकीट महाग, खाली बसायचं स्वस्त. चौघं असाल तर खालीच बसा, मात्र सतरंजी आणि प्रत्येकी एक जाड चादर आणा. डिसेंबरात दोनच्या पुढं दव पडतं आणि मंडपाच्या बाजू उघड्या असतात. मोबाइलवर नाटक चित्रित करू नका. तेच नाटक उद्या दुसऱ्या गावात तिकिटावर व्हायचं असतं. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यंही याच दिवसांत गावोगाव होतात, ती पाहायला मिळाली तर सोडू नका. त्यांना पडदा नसतो आणि बहुधा तिकीटही नसतं.

परतीचं मात्र आधी पक्कं करा. रात्री दोनला बस नाही, ऑटोही नाही. जाताना घेतलेलीच गाडी पहाटेपर्यंत थांबवून ठेवा आणि चालकाला पैसे नाटक संपल्यावर द्या. त्याचंही तिकीट काढा, तो तसाही बाहेर गाडीत बसून राहणार नाही.